धुकेवाल्या पिक्चरचे खांबेटेकाका

आधीच सांगून ठेवतो, या लेखातला म्हातारा शेवटी मरत नाही. अमेरिकेतला म्हातारा, लांब राहणारी एकुलती एक मुलगी, नजर गेलेली बायको, एवढं ऐकून ज्यांनी रुमाल हाताशी घेतला असेल त्यांनी तो नाक पुसायला वापरावा. सध्या आमच्या कॅरी गावात पोलनचा सीझन आहे, सगळे शिंकतायत, उपयोगी पडेल. म्हातारा थोर होता, त्यानं मला जगायला शिकवलं, असलंही काही नाही. त्यानं मला डिशवॉशर लावायला शिकवलं आणि तेही चुकीचं. तो गाणं म्हणत नव्हता, झाडं लावत नव्हता, गावाकडच्या आठवणी काढून गलबलत नव्हता. त्याला गाव विचारलं तर तो झिप कोड सांगायचा.

मग लिहितोयस कशाला, असं म्हणाल. कारण मी नकला करतो. करमाळ्याच्या शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी दारामागून अख्ख्या वर्गाला सुट्टी दिली होती. तेव्हापासून आजपर्यंत शेकडो लोकांचे आवाज काढले. मॅनेजरचा काढतो, मॅनेजरच्या मॅनेजरचा काढतो, इमिग्रेशनवाल्या ऑफिसरचा तर इतका हुबेहूब काढतो की माझा रूममेट झोपेतून उठून पासपोर्ट शोधायला लागतो. पण आवाज काढल्याबद्दल खरी, मनापासून, हाडांपर्यंत पोचेल अशी बोलणी एकदाच खाल्ली. ती खांबेटेकाकांच्या आवाजामुळे. त्या बोलण्यांपर्यंत आपल्याला जायचंय.

काका मला पहिल्यांदा दिसले मॉरिसव्हिलच्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये. ऑगस्टचा महिना, डांबर वितळतंय, आणि हा गृहस्थ गुडघ्यापर्यंतचा रेनकोट घालून बायकोचा हात धरून चाललाय. आणि चालता चालता बोलतोय. मोठ्यांदा. एखादी मॅच सांगावी तसं.

"अच्छा, म्हणजे इथे एक निळी व्हॅन आहे. ड्रायव्हर बाहेर उभा, बायको अजून दुकानात. चेहऱ्यावरून अर्धा तास झालेला दिसतो. आणि समोरून एक पोरगा येतोय. केस उभे, शर्टाला इस्त्री नाही, हातात मॅगी आणि दूध. म्हणजे बॅचलर."

काकूंनी विचारलं, मराठी आहे का.

"टक लावून बघतोय आपल्याकडे. मराठीच असणार."

आता मी खरंच टक लावून बघत होतो, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. काकूही माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे माझ्या डाव्या कानाकडे. मला वाटलं कानाला काही लागलंय, मी पुसून घेतलं. नंतर कळलं की काकूंना नजरेच्या मधलं दिसत नाही, फक्त कडेचं थोडं धूसर दिसतं. माणसाचं तोंड बघायचं असेल तर त्या कानाकडे बघतात. वयामुळे डोळ्यांचा पडदा झिजला, त्याला इलाज नाही. हे सगळं मला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. काकू स्वतः या विषयावर एवढंच म्हणायच्या की या घरात लाइट कमी आहेत.

त्या दिवशी काका मॅगी ठेव म्हणाले आणि मला जेवायला घेऊन गेले. मी पण गेलो. बॅचलर माणूस वरणभाताला नाही म्हणत नाही.

काका भूलतज्ज्ञ. म्हणजे रिटायर्ड भूलतज्ज्ञ. तरुणपणी इंग्लंडमध्ये काही वर्षं काढली, मग इकडे आले. चाळीसेक वर्षं लोकांना झोपवलं, त्यामुळे समोरचा माणूस जागा आहे याच्यावर त्यांचा चटकन विश्वास बसायचा नाही. बोलता बोलता मध्येच थांबून विचारायचे, ऐकतोयस ना, आता काय म्हणालो मी. रेनकोट इंग्लंडमधला. तो ते कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलाही घालायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, धुकं नाही मिळत इथे, निदान कोट तरी असू दे.

आणि त्यांचा एक शब्द होता, 'पुरावा'. काका, लेट झालो, ट्रॅफिक होतं. पुरावा? काकू, भाजी एक नंबर झालीय. पुरावा? घे अजून, तोच पुरावा. एकदा आमच्या मराठी मंडळातला एक जण नवीन बायकोला घेऊन आला आणि कौतुकानं म्हणाला की आमचं लव्ह मॅरेज. काका त्या मुलीकडे वळून म्हणाले, पुरावा? ती बिचारी फोनमधले फोटो दाखवायला लागली.

पण काकांची मुख्य खोड म्हणजे तीच, जे समोर दिसतंय ते बोलून दाखवायचं. घरात चोवीस तास चालू. अच्छा, डिशवॉशरचं दार उघडं राहिलंय तर. अच्छा, कुणीतरी बॅग पायरीवर ठेवलीय, आणि तो कुणीतरी म्हणजे हा नकल्या. नकल्या म्हणजे मी. दुसऱ्या भेटीत पडलेलं नाव. जेवताना सुद्धा: हिरवी चटणी उजवीकडे, लोणचं तिच्यामागे लपलंय, संशयास्पद. मी दोनच दिवसांत तो आवाज उचलला. जाड, खर्जातला, शेवटच्या शब्दावर किंचित भुवई उचलल्यासारखा. ऑफिसमध्ये मराठी पोरांना करून दाखवायचो, पोरं लोळायची. मॅनेजर आला की मी खर्जात म्हणायचो, अच्छा, म्हणजे इथे एक माणूस आहे ज्याला काम नाही.

ही खोड काकांनी एका पिक्चरमधून उचललेली. आता त्या पिक्चरबद्दल सांगणं भाग आहे.

पिक्चर इंग्लंडचा, ब्लॅक अँड व्हाइट, खूनबिनाचा, तासाभराचा. इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते आमच्यात कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आम्ही त्याला धुकेवाला पिक्चर म्हणायचो, कारण त्यात धुक्याशिवाय काही नाही. सेट बांधायला पैसे नव्हते म्हणून धूर सोडलाय. रस्ता एकच, तो तीनदा येतो, दर वेळी दुसऱ्या नावानं. पोलिसांची गाडी एकच, तिचं दार लागत नाही, इन्स्पेक्टर पूर्ण पाठलागभर ते हातानं धरून बसलेला असतो. पहिल्या सीनमध्ये ज्याचा खून होतो तो माणूस नंतर हॉटेलात वेटर म्हणून येतो, फक्त मिशी लावून. प्रेताचं पोट वरखाली होतं. काका तिथे पॉज करायचे आणि धंद्यातल्या माणसाच्या अधिकारानं सांगायचे की याला भूल नीट दिलेली नाही.

पण खरी गंमत वेगळी. हा पिक्चर बनण्याआधी तेच प्रकरण रेडिओवर मालिका म्हणून चालायचं. रेडिओवर काही दिसत नाही, म्हणून पात्रं सगळं बोलून दाखवायची. अरे, टेबलावर रक्त. आणि खिडकी उघडी. म्हणजे तो बागेतून पळाला. मग कुणीतरी त्याचा पिक्चर काढला आणि घाईघाईत ते संवाद तसेच ठेवले. त्यामुळे पडद्यावर टेबल दिसतंय, रक्त दिसतंय, खिडकी दिसतेय, आणि तरी इन्स्पेक्टर आपल्याला सांगतोय की टेबल आहे, रक्त आहे, खिडकी आहे. माणूस पिस्तूल रोखतो आणि समोरचा म्हणतो, तू माझ्यावर पिस्तूल रोखलं आहेस. आणि ते डाव्या हातात आहे. म्हणजे तू डावखुरा आहेस.

इंग्लंडमध्ये काका ज्या बाईकडे खोली घेऊन राहायचे तिच्या टीव्हीवर हा पिक्चर रविवारी दुपारी लागायचा. ती बाई तो बघताना कायम चिडलेली असायची. रेडिओवर हा इन्स्पेक्टर चांगला उंच होता, म्हणायची.

दिवाळीनंतरच्या शनिवारी दुपारी काकांच्या बेसमेंटमध्ये या पिक्चरचा शो असायचा. गेली सहा-सात वर्षं. घडीच्या खुर्च्या, समोर भिंतीवर प्रोजेक्टर, काकूंचे बटाटेवडे. तोच पिक्चर, दर वर्षी. खुनी कोण हे लहान पोरांनाही पाठ, तरी नवीन माणूस आला की काका बजावायचे, कुणी फोडू नका. गावाकडून आलेल्या आज्यांसाठी काका पिक्चरचा आवाज बारीक करून सगळं मराठीत बोलायचे, सगळी पात्रं एकटे. दुसऱ्या वर्षी मी गेलो तेव्हा मला गुंडांचं काम मिळालं. इन्स्पेक्टर काकांचा, पुणेरी, शांत. माझे गुंड सगळे नागपूरचे, कारण आमच्यातले पेंडसे नागपूरचे आणि त्यांचा आवाज मला फुकटात मिळालेला. "अबे, काय करून राहिला बे तू माह्या पिस्तुलीसमोर," असं लंडनच्या धुक्यात ऐकू आलं की पेंडसेच सगळ्यात जास्त हसायचे.

एका वर्षी पुढच्या रांगेतली एक सहा वर्षांची मुलगी वळून आईला म्हणाली, "मॉम, वाय इज ही टेलिंग अस? वी कॅन सी इट." आई शू म्हणाली. खोली हसली. काकूही हसल्या, पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत. काका मात्र हसले नाहीत. पोरीनं पुराव्यासकट पकडलं असावं तसे थांबले, आणि मग इन्स्पेक्टरच्या आवाजात म्हणाले, अच्छा, पुढच्या रांगेत एक हुशार बाई बसली आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना गाडीनं बल्ब आणायला घेऊन गेलो होतो. मी म्हटलं काका, तुम्हाला हा पिक्चर एवढा काय आवडतो यार. (यार तोंडातून गेलं. काका त्यावर काही बोलले नाहीत, म्हणजे मूड चांगला होता.)

"भिकार पिक्चर आहे," काका म्हणाले. "मला कधीच आवडला नाही. अरे, हिला मी सरळ सांगायला गेलो की पुढे पायरी आहे, की ही भडकते. मी काय आंधळी आहे का म्हणते. चार दिवस बोलत नाही. पण तेच इन्स्पेक्टरसारखं म्हटलं, अच्छा, म्हणजे इथे एक पायरी आहे तर, की हसते. आणि हसत हसत पाय उचलते."

सिग्नल आला.

"अच्छा, म्हणजे सिग्नल लाल आहे आणि नकल्या बघत नाहीये," काका म्हणाले. मी ब्रेक मारला.

तर असं होतं ते सगळं. आख्ख्या मराठी मंडळाला वाटायचं काकांना रिटायरमेंटनंतर पिक्चरचं वेड लागलंय. त्यांनी लावून घेतलं होतं.

गेल्या वर्षी काकांचा आवाज बसला. तपासलं तर स्वरयंत्रावर बारीक गाठ. घाबरू नका, मी पहिल्याच ओळीत शब्द दिलाय. साधी गाठ होती, काढली, रिपोर्ट चांगला आला. पण सर्जनबाईंनी दम देऊन सांगितलं की मी हो म्हणेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजलं की जास्त ताण येतो. खोकायचं नाही, खो खो हसायचं नाही. टाके ताजे असताना आवाजावर जोर दिला तर तो कायमचा जाऊ शकतो. काकांनी आयुष्यभर पेशंटना गप्प केलेलं, आता कुणीतरी त्यांना केलं.

आणि ते घर बंद पडलं.

पहिल्याच दिवशी काकू डिशवॉशरच्या उघड्या दारावर आपटल्या. नडगीला हे एवढं टेंगूळ. काका दोन पावलांवर उभे होते, तोंड उघडलं होतं, आणि आवाज काढला नाही. मी त्या संध्याकाळी गेलो तेव्हा दोघांपैकी जास्त कोण दुखावलंय ते कळेना. मग काकांनी युक्त्या केल्या. पांढरा बोर्ड आणला. पण बोर्डावरचं काकूंना दिसायचं नाही, आणि ज्यांना दिसायचं त्यांना डॉक्टरचं अक्षर लागायचं नाही. मग देवघरातली घंटा घेतली. पायरी आली की एकदा, दार उघडं असलं की दोनदा. काकू म्हणाल्या, मला दिवसभर आरतीला उभं राहिल्यासारखं वाटतंय, ती ठेव आधी जागेवर. लांब रेडमंडला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं फोनवर एक ॲप टाकून दिलं, टाइप केलं की बाई बोलते. ती बाई 'डावीकडे पायरी आहे' हे अशा सुरात बोलायची की जणू पायरीचा निकाल लागलाय. काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, या बाईला घराबाहेर काढ.

शो पुढे ढकलू, असं काकांनी बोर्डावर लिहिलं. मी वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, काही गरज नाही, दर वर्षी होतो तसा होणार, तुझा आवाज हा नकल्या काढेल, नाहीतरी माझ्या मागे काढतोच. ऑफिसमधलं यांना कसं कळलं हे मला अजून माहीत नाही.

आता इथे घोळ झाला. दर वर्षी काका प्रत्येक घरी फोन करायचे. आमंत्रण वगैरे नाही, सरळ येतोयस म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. त्या वर्षी फोन करता येईना म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. धडाधड अंगठे आले. काकांनी अंगठे मोजले आणि काकूंना माझ्याकडून सांगितलं की पंचवीस-तीस माणसं नक्की. आमच्या ग्रुपवर अंगठ्याचा अर्थ येतो असा नसतो. अंगठ्याचा अर्थ वाचलं, आता पुढचा मेसेज पाठव, असा असतो. लोक निधनाच्या बातमीलाही अंगठा देतात. हे ज्याला फोनवरच आख्खी दुनिया चालवायची सवय त्या माणसाला कोण सांगणार. त्यात त्याच दिवशी मॉरिसव्हिलला कुणाच्या तरी नवीन घराची वास्तुशांत निघाली, पुरणपोळीसकट.

शनिवारी दुपारी खाली खुर्च्या मांडलेल्या, प्रोजेक्टर चालू, वरून वड्यांचा वास. काकू तेलाच्या आवाजावरून वडे तळतात, ते बघण्यासारखं असतं, कढईकडे तोंडसुद्धा नसतं. आणि आलं कोण, तर शेजारचा डग. डग हा रिटायर्ड फायरमन, दर वर्षी येतो, मराठीतला एक शब्द कळत नाही, चुकीच्या जागी हसतो, आणि आठ वडे खातो. काका रेनकोट घालून खुर्च्यांच्या मधोमध उभे. तोंडाकडे बघवेना. वेळ होऊन गेली. दुसरं कुणी आलं नाही.

वरून काकूंनी हाक मारली, सुरू झाले का रे यायला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. बोर्डावर काही लिहिलं नाही. नुसतं हातानं खुर्च्या दाखवल्या आणि मग माझ्या गळ्याकडे बोट केलं.

मी वर तोंड करून पेंडसेंच्या आवाजात ओरडलो, "आलो न बाप्पा काकू, कवाचा येऊन बसून राहिलो."

एकदा सुटलो तो सुटलो. डगला दोन वाक्यांत इंग्रजीत समजावलं. त्या माणसानं एक प्रश्न विचारला नाही. तो बाहेरच्या दारानं आत यायचा, जिन्यावर धाडधाड पाय आपटत उतरायचा, मागच्या दारानं बाहेर जायचा आणि पुन्हा पुढून यायचा. प्रत्येक फेरीला मी एक आवाज काढायचो. मंडळातले जोशी आले, आल्या आल्या कुठल्या एक्झिटवर जाम होता ते सांगितलं. आरतीवहिनी आल्या, मला काही नको हं, फक्त अर्धा वडा, असं म्हणाल्या. खुर्च्या सरकवल्या. खोकलो. मागच्या रांगेत एक बाळ रडवलं आणि त्याच्या आईकडून त्याला गप्प केलं. काका एका खुर्चीत बसून हे बघत होते, तोंडावर हात दाबून, खांदे हलत होते. मला तेव्हाच थांबायला हवं होतं म्हणाल तर समोर असा प्रेक्षक असताना कोण थांबतो.

काकू परात घेऊन कडेचा कठडा धरून खाली आल्या. मी लगेच काकांच्या खर्जात सुरू झालो. अच्छा, खोली भरलेली आहे, पेंडसे पुढच्या रांगेत, पोट त्याच्याही पुढे. काकू हसल्या. आपल्या खुर्चीत बसल्या. पिक्चर सुरू झाला.

इन्स्पेक्टर मी, गुंड मी, धुकं मी, प्रेक्षक मी. मध्येच प्रेक्षकांतल्या जोशींनी पेंडसेंना डोकं खाली घ्यायला सांगितलं. पेंडसे म्हणाले, डोकं माह्यं आहे, खाली कुठं घेऊ. त्यांचं जुंपलं. आरतीवहिनी मध्ये पडल्या. तिकडे पडद्यावर खुनी पिस्तूल काढतोय, आणि मी एकाच श्वासात चार माणसांचं भांडण आणि एक खून चालवतोय. डग नेमका खुनावर हसला.

तेवढ्यात काकू शांतपणे म्हणाल्या, "पेंडसे, तुझा वडा गार होतोय. ये, घेऊन जा." आणि बशी पुढे धरली.

आता काय करणार. गेलो. पेंडसेंसारखा जमिनीला पाय घासत गेलो, बशीला हात लावला. काकूंनी दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं. पेंडसे शंभर किलोचे आहेत. माझं मनगट तुम्ही बघितलेलं नाही, पण मॅगीवर वाढलेलं आहे.

"अच्छा," काकू म्हणाल्या. हुबेहूब काकांच्या आवाजात. माझ्यापेक्षा चांगला. "म्हणजे पेंडसे फारच वाळलाय."

आणि मागून काका फुटले. हसू असं फुटलं की खुर्ची वाजली, आणि हसता हसता जुन्या सवयीनं शब्दही बाहेर आले, चिरलेले, पत्रा घासल्यासारखे: "हिनं चोर पकडलाय."

पडद्यावर कुणीतरी सांगत होतं की दार बंद आहे. काकांनी दोन्ही हात गळ्याशी नेले. डगनं उठून प्रोजेक्टर बंद केला, खरा फायरमन.

आवाजाचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे उरलेला वेळ बोलण्यांना देता येईल. सर्जनबाईंनी दुसऱ्या आठवड्यात नळी घालून बघितलं, टाका वाचलाय म्हणाल्या, पण गप्प बसायची मुदत वाढवली. आवाज परत आला. खर्ज गेला. आता तो मधोमध फाटतो, आणि इन्स्पेक्टरपेक्षा गुंडाला जास्त शोभतो. आम्ही पार्टी बदललीय, आता इन्स्पेक्टर मी.

पण हे त्या दुपारी कुणाला माहीत होतं. त्या दुपारी काकूंनी मला मनगट धरून किचनमध्ये नेलं आणि दरवाजा लावून घेतला, तरी काका आत आलेच, रेनकोटसकट, आणि फ्रिजला टेकून उभे राहिले, एक हात अजून गळ्यावर.

"डगचे गुडघे वाजतात," काकू म्हणाल्या. माझ्या कानाकडे रोखून बघत होत्या. "पहिल्या फेरीलाच कळलं मला. म्हटलं चालू दे, सकाळपासून याचं तोंड पडलंय, जरा करमणूक होईल. करमणूक म्हणजे किती करायची मेल्या? त्याला हसू नको म्हणून सांगितलंय ना? कुणी आलं नाही तर नाही आलं. वडे काय मी पाहुण्यांचे चेहरे बघून तळते? रिकाम्या खुर्च्या मला चालतात. मला चालत नाही ते वेगळं आहे. हा बोलला नाही तर मला दिसत नाही. समजतंय का तुला? चाळीस वर्षांच्या घरात मी डिशवॉशरवर आपटते. माझे डोळे याच्या घशात आहेत, आणि तू त्या घशाला गुदगुल्या करतोस."

काकांनी फ्रिजपाशी मान खाली घातली. ही गोष्ट त्या दोघांत कधी बोलली गेली नव्हती, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"आणि तू," काकू मागे न वळता म्हणाल्या, "मान खाली घालून उभा राहू नकोस. मला कळतंय." काकांनी मान वर केली.

मग पुन्हा माझ्याकडे. आवाज एक पट्टी वर.

"आणि पेंडसे परवाच नागपूरला गेलाय गधड्या. आज सकाळी मी त्याच्याशी फोनवर बोललेय. नकला करतोस, तर करायच्या आधी माणूस गावात आहे का एवढं तरी विचारत जा."